रिकामं वजन

१

भंगाराच्या यार्डात भरलेला ट्रक आला की आधी काट्यावर चढतो, माल उतरवून रिकामा झाला की परत काट्यावर चढतो, आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे माल. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. तरी काटेवाला गेली एकवीस वर्षं हे काम इतक्या काटेकोरपणे करत होता की ट्रकवाले वैतागायचे. केबिनबाहेर पाटी होती, ‘वजनाच्या वेळी चालकाने खाली उतरावे’. कुणी आळस करून बसून राहिलं की हा खिडकीतून नुसता बघत बसायचा, बटण काही दाबायचा नाही. ट्रकवाल्यांनी त्याचं नाव तोळेराव ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्याला ऐकू जाईल इतपत म्हणायचे.

त्यामुळे त्या शनिवारी तोळेराव जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला, तेव्हा ती आधी काट्यावर चढली यात नवल नव्हतं.

गाडी अजून त्याची नव्हती. राखाडी रंगाची, नऊ वर्षांची, बॅटरी एकोणऐंशी टक्के शिल्लक. डीलर म्हणाला होता, "साहेब, आठवडाभर वापरा. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही सांगा. सहानंतर मात्र तुमचीच धरणार." पूर्ण चार्ज झाली की गाडी एकशेवीस किलोमीटर दाखवायची. जाऊन-येऊन शहाऐंशी हवे होते.

शहाऐंशी किलोमीटर आईसाठी हवे होते. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागायचं. सेंटरची व्हॅन गेल्या महिन्यात बंद झाली, तेव्हापासून भाड्याच्या गाडीवाल्यांच्या मिनतवाऱ्या चालल्या होत्या. ताईने फोनवर तोडगा सांगितला होता, की आईला कायमची माझ्याकडे पाठव, सेंटर इथून चालत पाच मिनिटांवर आहे. ताईचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई हो म्हणाली. नाही म्हणायचा तिचा स्वभावच नव्हता. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालणं सोडलं. शेजारणीला देऊन टाक म्हणाली. तेव्हा तोळेरावाने ठरवलं की कशीही असो, गाडी घ्यायची.

काट्यावर आकडा आला चौदाशे पासष्ट. कागदपत्रांत रिकामं वजन लिहिलं होतं, चौदाशे पासष्ट. कागदावर असतं तेच काट्यावर दिसावं, हे त्याच्या आयुष्यात फार कमी वेळा घडलं होतं. त्याला गाडी तिथेच आवडली.

२

सोमवारी पहिली फेरी झाली. आई मागे डाव्या बाजूला बसली. पुढची सीट मागेपुढे सरकायची बंद झाली होती आणि तिला गुडघे दुमडून फार वेळ बसवत नसे. बायकोने पाठीशी उशी दिली, बेल्ट लावला, खिडकी बोटभर उघडी ठेवली.

"चालू कर ना रे," आई म्हणाली.

"अगं, आपण कोपऱ्यावर पोचलो."

"हो? मला वाटलं अजून घरच मागे सरकतंय."

तो हसला. कितीतरी दिवसांनी ती थट्टा करत होती. गाडीला खरंच आवाज नव्हता. चाकांखालचा रस्ता तेवढा ऐकू यायचा आणि मागून आईचा श्वास. वीसेक किलोमीटर झाल्यावर ती म्हणाली, "बाळा, किती हलकं वाटतंय रे या गाडीत." व्हॅनमध्ये ती कपाळाला हात लावून बसायची.

सेंटरवर आल्याबरोबर वजन करतात. दोन फेऱ्यांमध्ये अंगात साठलेलं पाणी किती काढायचं हे त्यावर ठरतं. आईच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, पाणी काढल्यानंतरचं वजन साठ. येताना ती बासष्टच्या आसपास असायची. सोमवारी भरली एकोणसाठ.

"वा, आजी," तिथली सिस्टर म्हणाली. "या वेळी पाणी चढलंच नाही की. असंच ठेवा."

संध्याकाळी घराच्या पाच पायऱ्या आई एका दमात चढली. एरवी तिसरीवर थांबून कठडा धरायची आणि कुणी पाहत नाही ना ते पाहायची. बायको दारातच उभी होती.

"अहो, पाहिलंत ना?" ती म्हणाली. "पायगुण म्हणतात तसा हा चाकगुण. घेऊन टाका ही गाडी."

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे," तोळेराव म्हणाला. पण मनातून त्याने गाडी घेतलीच होती.

३

मंगळवारी सकाळी तो एकटाच कामावर निघाला आणि गल्ली ओलांडायच्या आत गाडी किणकिणायला लागली.

टिंग. टिंग. टिंग. समोरच्या पडद्यावर पाच सीटांचं छोटं चित्र आलं. त्यातली मागची डावी सीट लाल होती. तिथे बसलेल्याने बेल्ट लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. त्याने मान वळवून पाहिलं. आईची उशी होती. त्याने गाडी बाजूला घेतली, उशी उचलून पुढच्या सीटवर टाकली आणि निघाला. टिंग. टिंग. त्याने पायपुसणी काढली, सीट हाताने झटकली, बेल्टच्या खाचेत फुंकर मारली. टिंग. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला आत डोकावून बघायला लागला.

ज्याला हा आवाज पंचवीस मिनिटं ऐकावा लागला नाही त्याला त्यातला वैताग कळणार नाही. मोठा आवाज असता तर माणूस शिव्या देऊन मोकळा झाला असता. हा बारीक होता, नम्र होता आणि मागे हटत नव्हता. शेवटी त्याने सगळे करतात तेच केलं. रिकाम्या सीटला बेल्ट लावला. आवाज थांबला. पडद्यावरची सीट लालची हिरवी झाली, प्रवासी सुरक्षित आहे या अर्थाने.

डीलरला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला, पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. तिसऱ्यांदा डीलर गोड आवाजात म्हणाला, "साहेब, जुन्या गाडीत एवढं तेवढं असतंच की."

"एवढं तेवढं असतं हे मलाही कळतं. कशामुळे होतंय ते सांगा."

"आमचा इलेक्ट्रिशियन बघेल. दुपारी पाठवा."

"पाठवू कसली? मीच घेऊन येणार ना? माझं काम आहे की नाही?"

"मग दुपारी या," डीलर म्हणाला आणि फोन ठेवला.

४

इलेक्ट्रिशियन चांगला माणूस निघाला, हा आणखी एक त्रास. वाईट असता तर त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. त्याने मागची सीट उचकटली, खालची वायर सोडवली, मीटर लावला, परत जोडली. अर्धा तास घालवला.

"सेन्सर एकदम ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मग वाजतो कशाला?"

"त्याच्यावर वजन येतंय म्हणून वाजतो. वजन काढलं की गप्प बसेल."

"वजन आहे कुठे? सीट रिकामी आहे. तुमच्यासमोर आहे."

"ते मला दिसतंय हो. पण सेन्सरला डोळे नसतात." तो खाली वाकला आणि मागच्या डाव्या चाकाकडे टॉर्च मारून बघत राहिला. "या बाजूची स्प्रिंग बदललेली दिसते. दोनदा. दुसऱ्या बाजूची मूळचीच आहे. आधीच्या मालकाने इकडे काय बसवलं होतं कोण जाणे."

वजन हा शब्द दुसऱ्याने आपल्याला समजावून सांगावा, हे तोळेरावाला झोंबलं. यार्डात परत आल्यावर त्याने डिकी रिकामी केली, चार्जिंगची केबल बाहेर काढली, उशी काढली आणि गाडी काट्यावर घेतली. खाली उतरला, केबिनमध्ये गेला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबला.

चौदाशे पंच्याहत्तर.

त्याचा काटा पाच किलोच्या खाली बोलत नसे. म्हणजे फरक सहाचाही असू शकतो, चौदाचाही. चाकाला चिखल असेल. पण दोन आठवड्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता. मग काटाच सरकला असेल. केबिनच्या कोपऱ्यात तपासणीची वीस-वीस किलोची सरकारी शिक्क्याची वजनं असायची. त्याने ती एकेक करून काट्यावर नेऊन ठेवली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. काटा चोख होता.

तो गाडीच्या मागच्या दाराशी गेला. सीटच्या कापडावर, आई जिथे बसायची तिथे, एक खळगा होता. जुन्या सीटला खळगा असतोच. त्याने हाताने दाबून पाहिलं. खळगा आधीच दाबलेला होता, हाताखाली आणखी जाईना. त्याने हात पँटला पुसला. का पुसला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

५

बुधवारी आईने स्वतःहून पहाटे आवरून ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. डायलिसिसला जायची घाई झालेला माणूस तोळेरावाने आयुष्यात पाहिला नव्हता.

"पुढे बस ना आज," तो म्हणाला. "गप्पा मारू."

"नको रे. मागे बरं वाटतं. बसले की सगळं उतरल्यासारखं होतं."

"काय उतरल्यासारखं?"

"अरे, ओझं. हलकं वाटतं म्हणते ना." ती चिडली नव्हती, पण तिला हे समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

सेंटरवर ती काट्यावर उभी राहिली आणि सिस्टरने दोनदा वाकून पाहिलं. मग आईला उतरवलं, काटा सरकवला, परत चढवलं.

"चव्वेचाळीस," सिस्टर म्हणाली. "बिघडला बहुतेक हा. आजी काही चव्वेचाळीसच्या दिसत नाहीत."

दिसत नव्हतीच. तोळेरावाने आईकडे नीट पाहिलं. दंड तेवढेच होते. ब्लाउज पूर्वीसारखाच अंगाला घट्ट होता. बांगड्या मनगटावर होत्या तिथेच अडकलेल्या होत्या. चेहरा तर उलट टवटवीत दिसत होता. चव्वेचाळीस किलोचा माणूस असा नसतो. त्याला थोडं बरं वाटलं आणि धंद्यातला माणूस म्हणून थोडी कीवही आली. दवाखान्यातले काटे असेच असतात, कुणी तपासत नाही.

मग बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याला वाटलं, आपण तरी उभं राहून बघावं. सिस्टर आत होती. तो काट्यावर चढला. चौऱ्याहत्तर. घरी, यार्डात, सगळीकडे तो चौऱ्याहत्तरच भरायचा. तो उतरला आणि परत चढला. चौऱ्याहत्तर.

परत येताना आई गुणगुणत होती. घराशी आल्यावर तो तिला हात द्यायला मागे वळेपर्यंत ती पायऱ्या चढून आत गेलीसुद्धा होती. तिची पावलं वाजली कशी नाहीत, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच झटकून टाकला.

६

गुरुवारी रिकाम्या गाडीचं वजन आलं चौदाशे नव्वद.

त्याने गाडीच्या खाली आडवा होऊन पाहिलं. बोनेट उघडून पाहिलं. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून बाहेर ठेवलं, तेव्हा आकडा जेवढा उतरायला हवा तेवढाच उतरला आणि चाक परत ठेवल्यावर चौदाशे नव्वदवर आला. तास गेला. काट्यामागे चार ट्रक खोळंबले आणि हॉर्न वाजायला लागले. "तोळेराव, स्वतःची गाडी विकायला काढली का?" एकाने विचारलं. या वेळी तोंडावर विचारलं.

त्याने रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एका बाजूला गाडी लिहिली, दुसऱ्या बाजूला आई. गाडीखाली तीन आकडे होते, आईखाली दोन. एक रांग चढत होती, एक उतरत होती. बेरीज-वजाबाकीत ज्याचा जन्म गेला त्या माणसाने पेन खाली ठेवलं, पान फाडलं आणि खिशात कोंबलं. असं काही नसतं, तो स्वतःशी म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. केबिनमध्ये ते वाक्य अगदीच पोकळ वाटलं.

घरी त्याने सांगून टाकलं, "गाडी परत करणार."

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. "काय झालं? बॅटरी गेली का?"

"बॅटरी चांगली आहे."

"मग ब्रेक?"

"ब्रेकही चांगले आहेत. तिचं वजन वाढतंय."

बायको हसली. मग तो हसत नाही हे पाहून थांबली. "किती?"

"पंचवीस किलो."

"अहो, पंचवीस किलोसाठी तुम्ही आईंना घराबाहेर काढणार? एवढ्या छान चालायला लागल्यात. जेवायला मागून घेतात. ताईंना मी कालच कळवलं, की आता नाही पाठवत म्हणून."

"अगं, पण ते पंचवीस किलो आले कुठून?"

"मला काय विचारता? काट्यावर तुम्ही बसता." तिचा आवाज चढला. "एक गोष्ट या घरात सुरळीत होत होती. त्यातही तुम्हाला तोळे-मासे मोजायचेत."

तेवढ्यात आई आतल्या खोलीतून आली. दोघांनाही ती आल्याची चाहूल लागली नव्हती. "भांडू नका रे," ती म्हणाली. "घेऊन टाक गाडी. मला ताईकडे नको पाठवूस." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा नको म्हणाली होती. तोळेराव उठून अंगणात गेला. आईने कुंड्यांना पाणी घातलं होतं. माती ओली होती.

७

शुक्रवारी दुसरी गाडी मिळेल का, यासाठी त्याने सकाळपासून सहा ठिकाणी फोन केले. कुणी उचलला नाही, कुणी उद्या म्हणालं, कुणी डायलिसिस म्हटल्यावर चार तास थांबायला तयार होईना. फेरी चुकवणं शक्य नव्हतं. एक फेरी चुकली की आईच्या छातीत पाणी भरायचं. नऊ वाजता त्याने हार मानली.

पूर्ण रस्ताभर त्याने आरसा आईवर धरून ठेवला. ती खिडकीतून बाहेर बघत होती, उशीला टेकून, हात मांडीवर. काहीही घडत नव्हतं. गाडी खड्ड्यावरून गेली की उशी हलायची, बेल्टची पट्टी हलायची, आणि आई, कशी कोण जाणे, जराशी उशिरा हलायची. त्याने डोळे चोळले. काल झोप झाली नव्हती.

"आई, दुखतं का काही?"

"छे रे. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं."

सेंटरवर काट्याने एकवीस दाखवलं. सिस्टर वैतागली. तिने काट्यावर कागद चिकटवला, ‘नादुरुस्त’, आणि डॉक्टरांना विचारून जुन्याच आकड्यांवर डायलिसिस लावलं. "तक्रार देऊन महिना झाला," ती म्हणाली. "इथे कुणाला पडलेली नाही."

"तुमचा काटा बरोबर आहे," तोळेराव म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

चार तास तो बाकावर बसून होता. मधे डीलरचा फोन येऊन गेला, मग मेसेज आला, ‘साहेब, सहाला बंद करतो. काय ते कळवा’. त्याने ठरवलं होतं. आईला घरी सोडायचं, गाडी डीलरच्या दारात उभी करायची, किल्ली टेबलावर टाकायची आणि निघायचं. ताईच्या घराचा चौथा मजला परवडला. आई रागावेल, रडेल, पण राहील. राहील, हा शब्द त्याने मनात धरून ठेवला.

८

पण माणूस सवयीचा गुलाम असतो. चार वाजता परत येताना यार्डाचं फाटक दिसलं आणि त्याने गाडी आत घेतली. एकदाच, आई बसलेली असताना वजन करून बघू, एवढंच त्याच्या मनात होतं. चहाची सुट्टी होती. क्रेन थांबलेली होती आणि यार्डात कुणी नव्हतं. ऊन स्वच्छ पडलं होतं.

गाडी काट्यावर चढली. तो उतरून केबिनमध्ये गेला.

पंधराशे पंचवीस.

त्याने डोक्यात बेरीज केली आणि तो स्टुलावर बसला. चौदाशे पासष्ट अधिक साठ. गाडी गाडीएवढी, आई आईएवढी. सगळं जिथल्या तिथे होतं. सेंटरचा काटा खरंच बिघडला असणार, आणि आपल्या काट्याखालच्या खड्ड्यात दोन दिवस काहीतरी अडकलेलं असणार. त्याला हसू आलं. पंचवीस किलोपायी बायकोशी भांडलो, आईला चौथ्या मजल्यावर टाकायला निघालो. तोळेराव ते तोळेरावच.

आता फक्त रिकामं वजन घेतलं की झालं. खिडकीतून त्याने हाक मारली, "आई, जरा खाली उतर गं. दोन मिनिटं."

दार उघडल्याचं त्याने ऐकलं. दार लागल्याचं ऐकलं. त्याची नजर आकड्यावर होती.

पंधराशे पंचवीस.

काटा कधी कधी अडकतो. तो बाहेर आला आणि त्याने एक पाय, मग दुसरा पाय लोखंडी पत्र्यावर ठेवला. खिडकीतून आकडा दिसत होता. सोळाशे. तो खाली उतरला. पंधराशे पंचवीस. काटा अडकला नव्हता.

"किती भरलं रे?" आईने विचारलं. ती त्याच्या मागेच उभी होती. यार्डात सगळीकडे खडी आणि लोखंडाचा कीस होता, मांजर चाललं तरी कचकच व्हायची. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि उन्हाकडे पाहून डोळे बारीक केले. चेहरा तोच होता. हनुवटीवरचा तीळसुद्धा तोच.

तो गाडीकडे गेला. मागच्या डाव्या काचेवर ऊन पडलं होतं, आतलं नीट दिसत नव्हतं. त्याने काचेला हाताचा आडोसा केला. सीट रिकामी होती. बेल्ट मात्र लावलेलाच होता. आणि तो सीटला चिकटलेला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे, कशावर तरी ताणलेला होता, आणि अगदी हळू, वर होत होता, खाली होत होता.

फोन वाजला.

"काय साहेब, ठेवताय की आणताय गाडी?" डीलर म्हणाला. "वाट बघतोय."

तोळेरावाने काचेवरचा हात काढला नाही. या गाडीचं दार दुसऱ्या कुणी उघडेल. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात ती उभी राहील. कुणीतरी मागच्या सीटवर पिशव्या टाकेल.

"नाही," तो म्हणाला. "ठेवतोय."

"अरे वा, मग कागद उद्या—"

त्याने फोन बंद केला. आई तोवर गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली होती. "मी आज पुढे बसते," ती म्हणाली आणि बसली. सीट तिच्या खाली दबली नाही. त्याने तिच्या बाजूचं दार लावलं, आपल्या जागी आला आणि गाडी काट्यावरून खाली घेतली. पडद्यावर तिची पुढची सीट रिकामीच दिसत होती. मागची डावी हिरवी होती.

रस्ता खराब होता. तो प्रत्येक खड्ड्याशी थांबून, चाक एका बाजूने उतरवून हळूहळू जाऊ लागला. मागून हॉर्न वाजत होते. पुढच्या सीटवरची म्हणाली, "इतकं हळू का चालवतोस रे? सगळे खोळंबलेत."

तोळेरावाने तिच्याकडे पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही. समोर रस्त्याचा तुकडा उखडलेला होता, त्याने वेग आणखी कमी केला.

"आई, नीट धरून बस," तो म्हणाला.

"बसलेय रे बाळा," उत्तर आलं. ते कुठून आलं, हे त्याला चांगलं कळलं.